कर्ता कोठे गेला?

शालेय इंग्रजीच्या परीक्षेत 'चेंज द व्हॉइस' हा प्रश्न महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी सोडविला आहे. कर्म उचलून पुढे आणावयाचे, क्रियापदाला 'वॉज' जोडावयाचा आणि कर्त्याला 'बाय' लावून वाक्याच्या शेपटाशी बसवावयाचे, की गुण पदरात पडले. या सरावातून एक समज मात्र पक्का होतो. इंग्रज माणूस कर्मणी वाक्य बोलतो तेव्हा कर्ता सांगितल्यावाचून राहत नाही, असे विद्यार्थ्याला वाटू लागते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ सालच्या बृहद्‌व्याकरणानुसार इंग्रजीतील पाचांपैकी सुमारे चार कर्मणी वाक्यांत कर्त्याचा उल्लेखच नसतो.

मराठी विद्यार्थ्याची फसगत होण्यास आणखी एक कारण आहे. 'मुलाने आंबा खाल्ला' हे आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोगाचे उदाहरण. पण त्यात मुलगा वाक्याच्या तोंडाशीच उभा असतो. नाव एकच असले तरी इंग्रजीतील 'पॅसिव्ह' हा निराळाच प्राणी होय. कर्त्याला घराबाहेर काढता येणे, हेच त्याचे मुख्य सामर्थ्य.

पुष्कळदा त्यात काहीच गैर नसते. 'आय वॉज बॉर्न इन लंडन' असे म्हणणाऱ्याला कोणी आईचे नाव विचारीत नाही. 'ही वॉज अरेस्टेड' म्हटले की पोलीस गृहीतच असतात. कुंपणावरची 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड' ही पाटी खटला कोण भरणार ते सांगत नाही; किंबहुना म्हणूनच ती अधिक दरारा निर्माण करते. घरगुती बोलण्यात 'वॉज'ची जागा बऱ्याचदा 'गॉट' घेतो. 'ही गॉट रॉब्ड', 'शी गॉट फायर्ड' अशा वाक्यांत बहुधा कोणावर तरी ओढवलेले संकट असते आणि बोलणाऱ्याचे लक्ष चोरापेक्षा लुटल्या गेलेल्याकडे असते.

प्रश्न निर्माण होतो तो सत्ताधारी हीच सोय वापरू लागतात तेव्हा. इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर, २७ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकी काँग्रेसपुढे बोलताना रेगन यांनी गंभीर चुका केल्या गेल्याचे सांगितले. कोणी केल्या, ते त्या वाक्यात नव्हते. 'मिस्टेक्स वेअर मेड' हा शब्दप्रयोग तेव्हापासून थट्टेचा विषय होऊन बसला आहे. मात्र ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. अध्यक्ष ग्रँट यांनी १८७६ सालीच काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात असेच कर्मणी वाक्य लिहिले होते. त्यांनी निदान 'मी कबूल करतो' एवढे जोडले. आणि लगेच बराचसा दोष मदतनिसांच्या निवडीवर ढकलला!

अशा लबाडीला कंटाळूनच जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली, जेथे कर्तरी प्रयोग चालतो तेथे कर्मणी वापरू नये, असा दंडक घातला. गंमत अशी की, त्याच निबंधाच्या पहिल्याच वाक्यात तो स्वतः कर्मणी रचना वापरतो. तथापि खरा आक्षेप त्याहून मोठा आहे. कर्ता लपविण्यासाठी कर्मणी प्रयोगाची गरजच नसते. 'प्राइसेस रोज', म्हणजे भाव वाढले, हे निखळ कर्तरी वाक्य. पण भाव आपणहून जिना चढून गेल्यासारखे ते वाक्य ऐकू येते. साठेबाज, उत्पादक, सरकार, अवर्षण यांपैकी कोणाचाच त्यात पत्ता नसतो. व्याकरणाच्या चाळणीतून असले वाक्य सहज निसटते.

उलट कधीकधी कर्मणी वाक्यच दुबळ्याच्या बाजूने उभे राहते. ब्रिटनमध्ये १९६५ च्या कायद्याने, काम उरले नाही म्हणून कमी केलेल्या कामगारांना भरपाई देणे मालकांवर बंधनकारक केले. असा कामगार 'आय वॉज मेड रिडन्डंट' असे म्हणतो. मालकाचे नाव तो घेत नाही हे खरे. पण हे आपण केलेले नाही, आपल्या बाबतीत केले गेले, एवढे त्या वाक्यातून स्पष्ट होते. आपल्या कामात खोट नव्हती, ती जागाच गेली, हेही शेजाऱ्याला उमगते. तोच माणूस 'आय लॉस्ट माय जॉब' असे म्हणाला, तर वाक्य ऑर्वेलच्या कसोटीला उतरेल. कर्ताही त्यात ठळकपणे असेल, आणि तो असेल कामगार स्वतः. जणू आगगाडीत छत्री विसरावी तशी नोकरी त्याच्याच हातून कोठेतरी हरवली.