होम मैदान आणि हाउप्टमार्क्ट
जत्रा आणि बाजार : लेखांक पाचवा

गेल्या आठवड्यात आपण पंढरपूरच्या कार्तिकीला वाखरीत भरणाऱ्या जनावरांच्या बाजारापर्यंत आलो होतो. देवाच्या दारी बाजार का भरतो, याचं उत्तर तिथे सोपं होतं: माणसं जमतात, म्हणून विकणारे येतात. पण गावात बाजार भरणं वेगळं आणि तो बाजार त्या गावाचा असणं वेगळं. हा फरक नीट कळावा म्हणून आज सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेतला बाजार, आणि जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराचा नाताळ बाजार शेजारी शेजारी ठेवून पाहू. दोन्ही ऐन थंडीत भरतात, दोन्ही शहराच्या मधोमध भरतात आणि दोन्हींची तारीख सूर्याच्या कालगणनेला बांधलेली आहे.

गड्ड्याच्या मुळाशी एक लग्न आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलगीचे ग्रामदैवत. त्यांनी तलाव खोदवला, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली आणि कन्नडमधून वचनं लिहिली. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्न करण्याचा हट्ट धरला. ते ब्रह्मचारी असल्यामुळे तिचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, अशी कथा. तीच कथा दरवर्षी सोलापूर पुन्हा जगतं. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून त्या योगदंडाचं प्रतीक असलेले सात नंदीध्वज निघतात. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. भोगीला तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कट्ट्यावरून 'दिड्डम'चा उच्चार झाला की पांढऱ्या बाराबंदीतला सगळा जनसागर एकदम अक्षता उधळतो. संक्रांतीला होम होतो. बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या सजवून अग्नीला अर्पण करतात. ज्या मैदानावर हा होम होतो, तेच होम मैदान, आणि बाजार भरतो तोही तिथेच.

किंक्रांतीला शोभेचं दारूकाम होतं, त्यानंतर कप्पडकळ्ळीला नंदीध्वजांची वस्त्रं उतरवली जातात आणि विधी संपतात. बाजार मात्र तेव्हा कुठे रंगात येतो. आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळणी, भांडीकुंडी, बांगड्या, भजी, भेळ, जानेवारी सरत येईपर्यंत हे चालू असतं. विजापूर रस्त्याकडे रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात जनावरांचा बाजार भरतो. खिलार जोड पाहायची असेल तर तिकडे जावं. शेजारच्या कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं येतात. कानावर एकाच वेळी मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी पडते, आणि कोणालाच त्याचं नवल वाटत नाही.

आता न्यूरेंबर्ग. तिथल्या हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारच्या अलीकडच्या शुक्रवारी बाजार उघडतो. लाकडी टपऱ्या आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, एवढीच सजावट. या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे एक लाकडी डबी. तिच्यावर फुलं रंगवली आहेत आणि तळाशी १६२८ सालच्या बाजाराचा उल्लेख आहे. ड्रेस्डेनचा बाजार याहून जुना, त्याची नोंद १४३४ची आहे.

हा बाजार २४ डिसेंबरला दुपारी मिटतो. सण उजाडण्याआधीच टपऱ्या बंद! माझ्या मते दोन्ही बाजारांच्या स्वभावातला सगळा फरक या एका गोष्टीतून निघतो. जर्मन माणूस बाजारात येतो तो घरच्या सणाची तयारी करायला. झाडाला टांगायची काचेची नक्षी, गव्हाणीतल्या लाकडी मूर्ती, मेणबत्त्या, पोरांसाठी भेटी, मसाल्याची लेबकूखन बिस्किटं हे सगळं २४ तारखेच्या संध्याकाळच्या आत घरी पोचायला हवं. मार्टिन ल्यूथरनं मुलांच्या भेटींचा मान संत निकोलसच्या दिवसाकडून नाताळकडे, बाळ ख्रिस्ताकडे वळवला, त्यानंतर ही खरेदी आणखी पक्की झाली. घरातल्या विधीलाच वस्तू लागते, म्हणून ती घडवणारा कारागीर टिकतो. आपल्याकडे माणूस आधी देवाला येतो, अक्षता टाकतो आणि मग मोकळ्या मनानं बाजारात शिरतो. त्या विधीला लागणाऱ्या वस्तू मानकऱ्यांच्या घरून येतात, बाजारातून नाही. त्यामुळे गड्ड्यावर काय विकलं जावं, हे सणानं ठरवून दिलेलं नाही. तिथे काहीही चालतं.

असं असूनही न्यूरेंबर्गचा बाजार आपोआप टिकला, असं समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची रया गेली आणि तो मुख्य चौकातून हलवला गेला. १९३३ मध्ये नाझी सत्तेनं तो मोठ्या थाटात परत आणला, आपल्या प्रचारासाठी. युद्धात तो बंद पडला आणि १९४८ साली बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या जुन्या शहरात पुन्हा उभा राहिला. त्यानंतर नगरपालिकेनं तो फार बारकाईनं सांभाळला. टपरी कशी असावी, तिच्यावर कोणतं कापड असावं, काय विकावं, हे सगळं तीच ठरवते. प्लास्टिकच्या माळा चालत नाहीत, ध्वनिमुद्रित गाण्यांचा धुडगूस चालत नाही. गरम मसालेदार वाइन मिळते ती दर वर्षी नव्या चित्राच्या चिनी मातीच्या मगात. मगाची अनामत भरायची, मग परत केला की पैसे परत, नाहीतर आठवण म्हणून तो घरी न्यायचा. चौकात कागदी पेल्यांचा खच पडत नाही तो या साध्या व्यवस्थेमुळे.

हाउप्टमार्क्टला दुसराही इतिहास आहे आणि तो वगळून त्याचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. १३४९ पर्यंत त्या जागी ज्यूंची वस्ती होती. ती मोडून, माणसं मारून चौक केला गेला. ज्या चर्चच्या सज्जातून बाजाराचं उद्घाटन होतं, ते सिनेगॉगच्या जागेवर उभं आहे. उद्घाटन करते ती 'क्रिस्टकिंड', सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घातलेली शहरातली एक मुलगी. दर दोन वर्षांनी ती निवडली जाते. २०१९ मध्ये बेनिग्ना मुन्सी निवडली गेली. तिचे वडील मूळचे भारतीय. एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेनं तिच्या दिसण्यावरून हिणकस लिहिलं, तेव्हा जर्मनीभरातून निषेध झाला, शहर तिच्या पाठीशी राहिलं आणि तो मजकूर मागे घ्यावा लागला. उत्सवात कोणाचा हक्क, हा प्रश्न त्या शहराला विसाव्या शतकानंतरही नव्यानं सोडवावा लागला. याबाबतीत सोलापूरची परंपरा मला फार मोलाची वाटते. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, त्यांत सहावा आणि सातवा मातंग समाजाकडे. मिरवणुकीत सगळ्यांचा मान आधीच ठरलेला असतो.

मग सोलापूर कुठे कमी पडतं? टपऱ्यांवर. न्यूरेंबर्गची लेबकूखन आणि तिथले बोटभर लांबीचे सॉसेज, ड्रेस्डेनचा श्टोलन केक या तिन्हींना युरोपात भौगोलिक मानांकन आहे आणि त्या त्या बाजाराचं हृदय म्हणजे हेच पदार्थ. सोलापूरकडे काय नाही? महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन सर्वांत आधी मिळवणाऱ्या उत्पादनांत सोलापुरी चादर आहे, टॉवेलला ते आहे, डाळिंबाला आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घराघरांतून, बचत गटांतून तयार होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी जकार्ड मागावर जी नक्षी उतरवली, तिची नक्कल पानिपतहून येते आणि सोलापुरी म्हणून खपते. अशा वेळी बाहेरगावच्या माणसाला खरी चादर हातात घेऊन, उलटून, दोन्ही बाजूंची वीण पाहता यावी, अशी जागा होम मैदानाइतकी दुसरी कोणती?

जागेची अडचण पुढे केली जाईल, कारण यात्रेत लाखोंची गर्दी होते. आपत्कालीन रस्ता किती रुंद सोडायचा, यावरून झालेले वाद वाचकांना आठवत असतील. तो रस्ता हवाच, त्यात तडजोड नको. बर्लिनमध्ये २०१६ साली आणि माग्डेबुर्गमध्ये २०२४ साली नाताळ बाजारात गर्दीवर वाहन घालून माणसं मारली गेली, त्यानंतर मोकळी वाट आणि मजबूत अडथळे ही तिथल्या आखणीतली पहिली गोष्ट झाली आहे. पण टपऱ्यांचा आराखडा दरवर्षी नव्यानं आखला जातोच, तर त्यात एक सलग ओळ सोलापूरच्या मालासाठी आखता येईल. मागावर बसलेला विणकर, तव्यावरून उतरणारी भाकरी, खलबत्त्यात कुटली जाणारी शेंगाचटणी. या ओळीचं भाडं पाळण्यांच्या भाड्याशी तुलना न करता वेगळं ठरवावं लागेल, कारण विणकराला पाळणेवाल्याइतका दर परवडणार नाही. देवस्थान पंच कमिटी, महापालिका आणि यंत्रमागधारक यांनी हे ठरवायचं, तर बैठक दिवाळीच्या आधी व्हायला हवी. डिसेंबरात जागांचं वाटप सुरू झालं की त्या वर्षापुरता तो विषय संपतो.