तळ्यातली मगर आणि छपरावरचा वारा

ताईचा फोन आला तेव्हा शिकागोजवळच्या तिच्या घराबाहेर पारा शून्याच्या खाली वीस अंश होता. भावोजींना फ्लोरिडात, टॅम्पाजवळ नोकरी मिळाली होती. घर बघून झालं होतं, दोघांना आवडलंही होतं. पण घराच्या मागे तळं होतं आणि तळ्याच्या काठावर पिवळी पाटी होती: मगरींपासून सावध राहा. "अरे, धाकटी अजून चार वर्षांची आहे," ताई म्हणाली. "तिला अंगणात सोडायचं कसं? आणि इथं बर्फ उपसून माझी कंबर गेली, तेही खरंच. शिवाय तिकडे म्हणे सगळं स्वस्त. तूच सांग, काय करू?"

आम्ही भावंडं चिपळूणची. वाशिष्ठीच्या काठावर आ वासून ऊन खात पडलेल्या मगरी आम्ही पुलावरून मोजत असू. मगरीला घाबरून कुणी चिपळूण सोडल्याचं मला आठवत नाही. पण २२ जुलै २०२१ ला पाणी बाजारपेठेत शिरलं, आमच्या माळ्यापर्यंत चढलं, आणि त्यानंतर आमच्याच गल्लीतली दोन कुटुंबं उंचावरच्या वस्तीत राहायला गेली. ताईला मी म्हटलं, आठ दिवस दे. त्या आठ दिवसांत मी जे वाचलं त्यानं मी पार गुंगून गेलो, आणि तिचा प्रश्न मला निराळाच दिसू लागला.

आधी तो प्राणी. फ्लोरिडात ज्याची भीती घालतात तो अ‍ॅलिगेटर. आपल्या मगरीचा हा लांबचा भाऊबंद. जबडा रुंद, टोकाशी गोलसर, आणि तोंड मिटलं की खालच्या जबड्याचा चौथा दात दिसत नाही. आपल्या मगरीचा दिसतो. फ्लोरिडात अ‍ॅलिगेटरांची संख्या सुमारे १३ लाख आहे आणि ६७ पैकी एकही काउंटी त्यांच्यावाचून नाही. म्हणजे ताईच्या तळ्यात तो असू शकतो का, याचं उत्तर सरळ 'हो' असं आहे. १९६७ साली हाच प्राणी नामशेष होण्याच्या यादीत होता. शिकार थांबवली, दलदली राखल्या, आणि १९८७ मध्ये तो सावरल्याचं जाहीर झालं.

एवढी प्रचंड संख्या तिथंच का? कारण या प्राण्याच्या पोटात चूल नाही. आपण जेवतो त्यातला मोठा वाटा नुसतं अंग गरम ठेवण्यात जळून जातो. अ‍ॅलिगेटर ती ऊब उन्हातून फुकट घेतो. हवा २१ अंशांच्या खाली गेली की त्याची भूक मंदावते, १३ च्या खाली तो जवळजवळ निजून राहतो. नॉर्थ कॅरोलिनात कधी दलदल गोठली, तर हे प्राणी नाकाचं टोक तेवढं बर्फाबाहेर काढून, बाकी शरीर खाली पाण्यात लोंबकळत ठेवून थंडी सरण्याची वाट पाहतात. ते छायाचित्र मी कितीतरी वेळ बघत होतो.

याहून अचंबा वाटला तो त्याच्या घरट्याचा. मादी पालापाचोळ्याचा ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि वरून झाकते. पाला कुजतो आणि कुजताना तापतो. खताच्या खड्ड्यातून थंडीच्या पहाटे वाफ निघताना आपण पाहतो, तीच ही उष्णता. अंड्यातून नर निघणार की मादी, हे त्या उबेवर ठरतं. ३० अंशांच्या खाली जवळपास सगळ्या माद्या, ३३ च्या आसपास बहुतेक नर. आपल्या वाशिष्ठीतल्या मगरींचंही लिंग असंच तापमानावर ठरतं, आणि मला इतकी वर्षं त्याचा पत्ताही नव्हता!

आता भीतीचा हिशेब. विनाकारण झालेल्या आणि डॉक्टरकडे जावं लागेल अशा चाव्यांची सरासरी संपूर्ण राज्यात वर्षाला आठेक. १९४८ पासून नोंदी ठेवल्या जातात. इतक्या वर्षांत मृत्यू तिसाच्या आसपास. लोकसंख्या मात्र सव्वादोन कोटींहून जास्त. अ‍ॅलिगेटर मुळात माणसाला टाळतो. त्याची भीड मोडते ती माणसानं खायला घातलं की. म्हणून त्याला खाऊ घालणं तिथं गुन्हा आहे. चार फुटांहून मोठं जनावर त्रास देऊ लागलं तर सरकारी क्रमांकावर फोन करायचा, परवानाधारक पकडणारा येतो. अ‍ॅलिगेटर संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जास्त हिंडतो, तेव्हा त्या वेळी पाण्यात उतरायचं नाही, कुत्र्याला काठाशी मोकळं सोडायचं नाही, आणि चार वर्षांची मुलगी अंगणात असेल तर तळ्याच्या बाजूला कुंपण हवंच. कुंपण तर तळ्यात गोगलगाईसुद्धा नसत्या तरी हवं होतं. तळ्याकाठच्या लहान मुलाला पाण्याचंच भय मोठं.

सापांचंही ताईनं विचारलं होतं. फ्लोरिडात विषारी जाती सहा. संपूर्ण अमेरिकेत सर्पदंशानं वर्षाला साधारण पाच माणसं दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात हा आकडा वर्षाला सरासरी ५८ हजार असल्याचा अंदाज आहे. फुरशांच्या कातळावर अनवाणी लगोरी खेळलेल्या आमच्यासारख्या माणसांनी हा आकडा थांबून वाचावा असा आहे. सापाच्या विषापेक्षा दवाखाना किती दूर आणि लस कधी मिळते, यानंच माणसाचं नशीब ठरतं.

मग त्या उबदार प्रदेशात काळजी कशाची करायची? मी शोधत गेलो तशी एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येत राहिली: ज्या उबेवर अ‍ॅलिगेटर पोसला जातो, तीच ऊब इतर सगळं करते.

उन्हाळ्यातल्या दुपारी फ्लोरिडाची जमीन तापते, वरची हवा चढू लागते. तिची जागा घ्यायला पश्चिमेच्या आखातावरून एक खारा वारा निघतो आणि पूर्वेच्या अटलांटिकवरून दुसरा. जमिनीची पट्टी इतकी अरुंद की दोन्ही वारे मध्यावर एकमेकांवर आदळतात आणि दमट हवा वर उधळली जाते. रोज दुपारी तीन-चारला आकाश काळंभोर. टॅम्पा ते ऑरलँडो हा पट्टा विजांसाठीच ओळखला जातो. टॅम्पाच्या आइस हॉकी संघाचं नावच 'लाइटनिंग' आहे. तेव्हा गडगडाट ऐकला की मुलीला तळ्याकाठूनच नाही, अंगणातूनच आत घ्यायचं.

आणि सर्वांत मोठं, चक्रीवादळ. उकडीचे मोदक झाले की मोदकपात्राचं झाकण उचलताना बोट पोळतं. पाण्यानं वाफ होताना जी उष्णता पोटात घेतलेली असते, ती वाफेचं पुन्हा पाणी होताना बोटावर सुटते. शाळेत याला अप्रकट उष्मा म्हणत. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं की त्याची वाफ अशीच उष्णता घेऊन आकाशात चढते, तिथं तिचे ढग होतात, उष्णता सुटते, हवा आणखी चढते आणि खालून नवी वाफ ओढली जाते. पृथ्वीच्या फिरण्यानं या सगळ्याला गरका मिळतो. शेकडो किलोमीटर रुंद मोदकपात्र! आणि त्याचं इंधन म्हणजे त्याच आखाताचं ते कोमट पाणी, ज्यात पोहायला मिळणार म्हणून ताईची मोठी मुलगी नाचत होती.

इथंच जिवाची भीती आणि घरखर्च एकमेकांना भेटतात. ताईचं 'सगळं स्वस्त' कशावर उभं होतं? फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. इलिनॉयमध्ये तो ४.९५ टक्के; एक लाख डॉलर करपात्र उत्पन्नावर ४,९५० डॉलर वाचले. ही बचत खरी आहे. पण फ्लोरिडातला घराचा विमा देशातल्या सर्वांत महागांपैकी आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू नावाचं वादळ मायामीच्या दक्षिणेला आदळलं, त्यात कित्येक विमा कंपन्या बुडाल्या. पुढे २००२ साली राज्यानं स्वतःची विमा संस्था उभी केली, कारण कितीतरी घरांना दुसरं कुणी विमा द्यायला तयार नव्हतं. पॉलिसीत चक्रीवादळासाठी आपण सोसायचा वाटा वेगळा लिहिलेला असतो, आणि तो बहुधा टक्क्यांत असतो. घराचा विमा चार लाखांचा आणि वाटा दोन टक्के असेल तर नुकसानीचे पहिले आठ हजार डॉलर आपले. पुराचा विमा यात येतच नाही. तो निराळा घ्यावा लागतो, आणि सहसा घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो. वादळ दिसल्यावर धावून उपयोग नाही.

ताईला मी सर्वांत कळकळीनं सांगितलं ते छपराबद्दल. तिथले विमेवाले छपराचं वय विचारतात, छप्पर भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी जखडलंय का हे बघतात, आणि छपराचा आकारही बघतात. दुपाखी छपराच्या त्रिकोणी भिंतीवर वारा सरळ थडकतो. चौपाखी छपराला चारही बाजूंनी उतार, वारा वरून निसटून जातो. म्हणून अशा घराला हप्त्यात सूट मिळते. आमच्या आजोबांचं घर चौपाखी होतं! कोकणात किती सुतारांनी कसलंही गणित न मांडता हे छप्पर बांधलंय, आणि तिकडे ते विम्याच्या कागदावर उतरलंय, हे वाचून मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

मालमत्ता कराची मेख मात्र तिला आधी पटेना. १९९२ मध्ये मतदारांनी एक घटनादुरुस्ती मंजूर केली: राहत्या घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला फार तर तीन टक्क्यांनी वाढेल. घर विकलं की ही मर्यादा संपते आणि मूल्य पुन्हा बाजारभावावर येतं. त्यामुळे वीस वर्षं राहणाऱ्या मालकाच्या कराची पावती पाहून नव्या मालकानं हिशेब मांडला, तर तो फसतो. घर विकणाऱ्यानं दाखवलेली पावती ताईनं जपून ठेवली होती, आणि सगळा हिशेब तिच्यावर बेतला होता. मी तो नव्यानं करायला लावला.

टॅम्पावर १९२१ नंतर मोठ्या वादळाचा थेट घाव बसलेला नव्हता, म्हणून तिथले काही लोक निर्धास्त होते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन हे वादळ टॅम्पापासून बऱ्याच अंतरावरून, आखातातून गेलं, तरी खाडीचं पाणी अलीकडच्या नोंदींत नव्हतं इतकं चढून घराघरांत शिरलं. दोन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन थोडं दक्षिणेला धडकलं. त्याचा वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, त्यामुळे खाडीतलं पाणी ओढलं गेलं आणि तळ उघडा पडला. वारा कुठल्या अंगानं येतो यावर त्याच खाडीचं नशीब असं फिरलं. मी ताईला एवढंच विचारलं, "तळ्यात मगर किती मोठी हे राहू दे. घराचं जोतं समुद्रापासून किती उंच आहे?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "बाबा २१ सालानंतर हेच विचारतात, प्रत्येक घराबद्दल."

ते घर त्यांनी घेतलं नाही. जरा आत, उंचावर, चौपाखी छपराचं जुनं घर घेतलं. महिन्याचा विमा नि विजेचं बिल धरून आयकरातली बचत बरीचशी त्यात गेली. वाचलं ते थोडंच. एसीनं वाढणारं विजेचं बिल हा शब्दसुद्धा मला आता साधा वाटत नाही. फ्लोरिडातल्याच अ‍ॅपलॅचिकोला गावात जॉन गोरी नावाचे डॉक्टर होते. तापानं फणफणलेल्या रुग्णांच्या खोल्या गार कशा करायच्या, या ध्यासानं त्यांनी हवा दाबून आणि मग फैलावू देऊन बर्फ करणारं यंत्र बनवलं, १८५१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पैसा उभा राहिला नाही. चारच वर्षांत ते गेले. त्या तापासाठी ते हवेला दोष देत होते, खरा दोष डासाचा होता, हे त्यांच्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. १९५० मध्ये फ्लोरिडाची वस्ती २८ लाखांहूनही कमी होती. गार हवेचं यंत्र घरोघरी पोचलं नसतं तर आजची सव्वादोन कोटींवरची वस्ती तिथं नांदली असती असं मला वाटत नाही.

गेल्या जानेवारीत ताईनं मला एक चित्रफीत पाठवली. टॅम्पाच्या दक्षिणेला अपोलो बीच इथं विजेचं केंद्र आहे. यंत्रं गार करायला घेतलेलं खाडीचं पाणी ते तापवून पुन्हा खाडीत सोडतं. तिथं मॅनेटी येतात: तीन मीटर लांब, चार-पाचशे किलो वजनाचे, फक्त गवत-शेवाळ खाणारे संथ जलचर. अंगानं एवढे थोराड, पण पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की त्यांना थंडी बाधते, जिवावरही बेतू शकतं. म्हणून खाडी गारठली की ते दुरून पोहत या कोमट पाण्याच्या तोंडाशी जमतात.

चित्रफितीत करड्या पाठींची गर्दी दिसते. मधूनच एक नाकपुडी वर येते, श्वासाचा फुस्स आवाज होतो, पुन्हा पाणी मिटतं. मागून भाचीचा आवाज येतो, "आई, आपल्या एसीची वीज इथूनच येते?" ताई हो म्हणते. मग दोघी मोजायला लागतात. एकोणीसपर्यंत जातात, पाठी एकमेकींत मिसळतात, आणि भाची पुन्हा एकपासून सुरू करते.