एक काटा खाली, दुसरा वर

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांत डॅशबोर्डवर एकाच गोल तबकडीत दोन काटे असत. एक ऑइलचा दाब दाखवणारा, दुसरा पाण्याचे तापमान. आज या गाडीच्या मालकाचे लक्ष वेगाच्या काट्याकडे कमी आणि या दोघांकडे जास्त असते. पहिला खाली घसरला आणि दुसरा वर चढला की रविवारची सहल तिथेच संपते. मग गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो इंजिन खोलण्याचा. बहुतेक वेळा तो सल्ला फार लवकर दिलेला असतो.

ऑक्सफर्डच्या दक्षिणेला असलेल्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनत होती. उघडी आणि बंद छपराची 'जीटी' अशा दोन्ही रूपांत मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. त्यातल्या फार मोठ्या संख्येने गाड्या अमेरिकेत गेल्या. गाडी देखणी होती, पण इंजिन काही खास स्पोर्ट्स कारसाठी घडवलेले नव्हते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या घरगुती गाड्यांत चालणारे ओतीव लोखंडाचे, चार सिलिंडरचे 'बी सीरिज' इंजिन वाढवून १७९८ सीसीचे केले आणि त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर जोडले, इतकेच. याच घराण्यातले १४८९ सीसीचे धाकटे भावंड आपल्याकडे ॲम्बॅसडरमध्ये कित्येक वर्षे धावले. ॲम्बॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रीने एमजीबीचे बॉनेट उघडले तर त्याला ओळखीचीच मंडळी भेटतील.

ऑइलचा दाब कमी दिसला की दोष पंपावर येतो. पण पंप दाब तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो अडथळ्यामुळे. नळाला लावलेल्या रबरी पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की पाण्याला जोर येतो, अंगठा सैल केला की जातो. इंजिनात अंगठ्याचे काम करते ती बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधली बारीक फट. बेअरिंग झिजले, फट वाढली, की ऑइल सहज निसटते आणि काटा खाली येतो. ऑइल पातळ झाले तरी तेच होते. म्हणूनच काट्याचा आकडा एकटा वाचून उपयोग नसतो. इंजिन थंड की गरम, नुसते चालू ठेवलेले की रस्त्यावर पळणारे, हे सोबत नोंदवावे लागते.

एमजीबीच्या माहितीपुस्तकातले आकडे सरळ आहेत. इंजिन गरम असताना रस्त्यावर ५० ते ८० पौंड, जागच्या जागी चालू असताना १० ते २५ पौंड. सिग्नलला काटा १५ वर टेकला म्हणून धास्तावणाऱ्या नव्या मालकाला हे कुणी सांगितलेले नसते. १५ म्हणजे अगदी ठीक.

आकडा खरोखर कमी असेल, तर संशयाची सुई आधी काट्याकडेच वळवायला हवी. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये बारीक नळीतून इंजिनातले ऑइल थेट डॅशबोर्डच्या मागे येते. ती नळी चोंदली किंवा दबली तर काटा खोटे बोलतो. अमेरिकेसाठी बनलेल्या काही गाड्यांत ऑइलचे मीटर विजेवर चालणारे होते, आणि त्याचा सेन्सर बिघडला की निरोगी इंजिनही मरणपंथाला लागल्यासारखे दिसते. खात्रीचे दुसरे मीटर इंजिनच्या ब्लॉकला तात्पुरते जोडून पाहणे हे थोड्या वेळाचे काम आहे. हे केल्याशिवाय पान्याला हात लावणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या पैशावर अंदाज बांधत असतो.

मीटर खरे ठरले, तर डिपस्टिक काढायची. पातळी बघायची आणि ऑइलचा वासही घ्यायचा. कार्ब्युरेटरचा फ्लोट अडकून पेट्रोल वाहत असेल तर ते सिलिंडरमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, आणि वास लगेच चुगली करतो. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत शिरले आहे. या इंजिनाला २०डब्ल्यू-५० जातीचे ऑइल मानवते. आधुनिक गाडीसाठीचे अगदी पातळ ऑइल चांगल्या हेतूने भरले तरी गरम झाल्यावर काटा बसतो.

पुढचा आरोपी ब्लॉकच्या मागच्या टोकाला, डाव्या अंगाला एका घुमटाकार नटाखाली लपलेला असतो. त्याला रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. दाब मर्यादेबाहेर गेला की हा स्प्रिंगवरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल परत सोडतो. त्याच्या बैठकीवर कचरा अडकला किंवा स्प्रिंग थकली की तो वेळेआधीच उघडा राहतो. ओळखायचे कसे? इंजिन थंड असतानाही दाब कमीच असेल तर आधी हा व्हॉल्व्ह बघावा. थंड असताना भरपूर आणि गरम झाल्यावर घसरण असेल, तर पातळ ऑइल किंवा झिजलेली बेअरिंग. फक्त वळणावर काटा दचकत असेल, तर ऑइल कमी पडून पंप हवा ओढतो आहे. खालचे चेंबर उतरवण्याची वेळ या सगळ्यानंतर येते. मग बेअरिंगवरचा करडा मऊ थर झिजून खालचा तांबूस धातू दिसला, तर वाद मिटला.

यात एक पळवाट फार लोकप्रिय आहे: आणखी घट्ट ऑइल किंवा डब्यातले घट्ट रसायन ओतायचे. काटा वर येतो, मालक खूश होतो, बेअरिंग मात्र झिजतच राहते. जुनी गाडी विकत घेताना ही युक्ती ध्यानात ठेवावी.

दुसऱ्या काट्याचे गणित वेगळे, पण दोघांचा संबंध आहे. इंजिन तापले की ऑइल पातळ होते आणि दाब आपोआप उतरतो. म्हणून दोन्ही तक्रारी एकदम आल्या तर आधी उष्णतेचा छडा लावणे शहाणपणाचे. गाडी कुठे तापते, हा पहिला प्रश्न. वाहतुकीत अडकल्यावर तापत असेल तर हवा कमी पडते आहे, म्हणजे पंखा आणि त्याचा पट्टा बघायचा. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर पाणी पुरेसे फिरत नाही, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता टाकते आहे. इग्निशनचे टायमिंग मागे पडले, मिश्रणात पेट्रोल कमी झाले, तरी काटा चढतो, आणि लोक रेडिएटर बदलत बसतात.

इथेही मीटरची साक्ष तपासावी. विजेवर चालणाऱ्या मीटरांच्या गाड्यांत तापमानाचे आणि पेट्रोलचे मीटर एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. दोन्ही काटे एकदम वर दिसले तर इंजिन निर्दोष असण्याची शक्यता मोठी. थर्मोस्टॅट तर स्वयंपाकघरातच तपासता येतो. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. ८२ अंशांचा असेल तर त्याच सुमाराला उघडू लागला पाहिजे. रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र कुणी बघत नाही. झाकणाने दाब धरला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. स्प्रिंग मेलेले स्वस्त झाकण हा सगळा फायदा घालवते.

सर्वांत दुर्लक्षित जागा ब्लॉकच्या आत, मागच्या सिलिंडरभोवती असते. वर्षानुवर्षे साधे पाणी भरलेल्या इंजिनात गंज आणि गाळ तिथे बसतो. ब्लॉकचा निचरा नळ उघडला आणि थेंबही आला नाही, तर नळात तार घालून पाहावे. कधी कधी ओला लाल चिखल बाहेर येतो आणि कोडे सुटते. नवा रेडिएटर बसवूनही इंजिन का तापते याचे उत्तर त्या चिखलात असते. शेजारच्या दोन सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकदम कमी आले, तर मात्र हेड गॅसकेट त्या दोहोंमध्ये उडाले असण्याचा संशय घ्यावा.

गॅरेजला गाडी देण्याआधी मालकाने एवढे करावे: थंड इंजिन, गरम इंजिन, जागेवर आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, असे दोन्ही काट्यांचे आकडे कागदावर लिहून न्यावेत. आणि चालत्या गाडीत ऑइलचा काटा शून्यावर गेला, तर मीटर खरे की खोटे याचा विचार नंतर. आधी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.