पोलादावरची निळाई : ‘सिंगापूर रिव्हॉल्व्हर’च्या निमित्ताने

जुन्या रिव्हॉल्व्हरवरची निळसर काळी झळाळी हा रंग नव्हे आणि मुलामाही नव्हे. ती पोलादाचीच बदललेली कातडी असते. तांबडा गंज सच्छिद्र असतो. तो सुटत जातो आणि धातू आतून पोखरतो. पोलादावर निळाई चढवण्याच्या प्रक्रियेत, म्हणजे ब्लूइंगमध्ये, लोखंडाचे दुसरे, काळे ऑक्साइड मुद्दाम तयार केले जाते. त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. हा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा असला तरी धातूला घट्ट धरून बसतो.

ही निळाई चढवण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. सर्वांत संथ पद्धतीत पोलादावर सौम्य आम्लयुक्त द्रावण लावून ते दमट जागी ठेवतात. चढलेला तांबडा गंज पाण्यात उकळला की काळा होतो. सुटी भुकटी तारेच्या मऊ ब्रशने झाडून हेच पुन्हा पुन्हा करतात. दुसरी पद्धत उष्णतेची. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलाद मोरपिशी निळे होते. स्क्रू आणि पिना अशा तापवतात. तिसरी विसाव्या शतकात कारखान्यांत रुळली. तीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंशांच्या द्रावणात भाग बुडवतात. काम लवकर होते आणि छटा एकसारखी येते.

पद्धत कोणतीही असो, खरी झळाळी पॉलिशची असते. थर इतका पातळ की खालचा प्रत्येक ओरखडा वर दिसतो. १९५५ साली आलेल्या कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हरची गडद निळाई नावाजली गेली, ती त्याआधी केलेल्या कसून पॉलिशमुळे. पॉलिश करणाऱ्याचा हात चांगला असेल तर कडा धारदार राहतात, कोरलेली अक्षरे ठसठशीत दिसतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडत नाहीत. गोलावलेल्या कडा आणि पुसट अक्षरे दिसली, तर पृष्ठभाग नंतर पुन्हा घासून निळा केल्याचा संशय घ्यावा.

सिंगापूरचा रिव्हॉल्व्हरच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने तिथल्या पोलिसांसाठी .३८ मार्क ४ रिव्हॉल्व्हरला सुरक्षेचा खटका बसवून दिला. रिव्हॉल्व्हरला असा खटका सहसा नसतो; म्हणून संग्राहक याला ‘सिंगापूर रिव्हॉल्व्हर’ म्हणतात. वेब्लीचा सांगाडा बिजागरीवर दुमडतो आणि उघडताच रिकामी काडतुसे एकदम वर ढकलली जातात. इथे बांधणीचा कस लागतो. वरची कडी सैल झाली तर नळी डुगडुगते. सिलिंडर ठरल्या जागी अडकला नाही तर त्याचे छिद्र नळीच्या रेषेत येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात वेळ वाचवण्यासाठी पॉलिशला कात्री लागली. त्या काळच्या मार्क ४वर यंत्राच्या खुणा स्पष्ट दिसतात आणि ‘वॉर फिनिश’ असा ठसाही आढळतो. पृष्ठभाग खडबडीत असला तरी आतली यंत्रणा कामाला चोख होती. रूप आणि बांधणी या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात, हा धडा त्यातून मिळतो.

सिंगापूरच्या सेरंगून भागातली हवा तर निळाईची परीक्षाच पाहते. सिंगापुरात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. नुसते ब्लूइंग गंज रोखत नाही. ते तेल धरून ठेवते आणि गंज रोखण्याचे काम ते तेल करते. घामातले मीठ तर या पातळ थराला चटकन खाते. चामड्याच्या म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवणेही घातक, कारण चामडे ओलावा शोषते आणि कमावतानाचे क्षार त्यात उरलेले असतात.

सिंगापुरात बेकायदा बंदूक बाळगल्यास १९७३च्या शस्त्र-अपराध कायद्याखाली तुरुंगवास आणि फटक्यांची शिक्षा होते. त्यामुळे सेरंगूनच्या सामान्य रहिवाशाला असे शस्त्र हाताळायला मिळणे जवळपास अशक्यच. संग्रहालयात मात्र पाहण्याची संधी मिळाली, तर आधी झळाळीकडे न पाहता कडा आणि अक्षरे पाहावीत. कारागिराच्या हाताची साक्ष तिथेच मिळते.