एका पेटींत दोन नाद



विजेच्या गिटारीच्या तारांखालीं बसविलेल्या चुंबकीय वेटोळ्यांत जो विद्युद्दाब उत्पन्न होतो, तो सामान्यतः एका व्होल्टाहूनहि कमी असतो. हा क्षीण संकेत ध्वनिवर्धकाकडे जातां जातां वाटेंतच त्याचें रूप पालटावें, यासाठीं वादक पायाशीं एक लहानशी पेटी ठेवितो. तिला पेडल म्हणतात. १९६२ सालीं अमेरिकेंत ‘मेस्ट्रो फझ-टोन’ हें पेडल निघालें. १९६५ मध्यें ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतांत कीथ रिचर्ड्स यांनीं तें वापरलें आणि तो खरखरीत, फाटलेला स्वर सर्वत्र ऐकूं आला. लंडनच्या आर्बिटर कंपनीचें गोल ‘फझ फेस’ १९६६ मधलें. जिमी हेंड्रिक्स यांच्यामुळें तें विशेष गाजलें.

अशीं पेडलें घरीं जुळविणारे हौशी लोक आज पुष्कळ आहेत. ‘फझ फेस’च्या धर्तीचें एक मंडळ आणि जोडीला सौम्य ओव्हरड्राइव्हचें दुसरें, अशीं दोन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या पेटींत बसवावीं, असें त्यांना साहजिकच वाटतें. जागा वांचते, एक जोडतारहि वांचते. परंतु दोन मंडळें शेजारीं ठेविलीं म्हणजे तीं सुखानें एकत्र नांदतातच असें नाहीं.

पहिला प्रश्न असा कीं, खटका बंद असतांना काय व्हावें? जुन्या कित्येक पेडलांत खटका फक्त बाहेर जाणारी वाट बदलीत असे; गिटारीची तार मंडळाच्या प्रवेशास चिकटलेलीच राही. त्यामुळें पेडल बंद असूनहि मंडळ संकेताचा कांहीं अंश ओढून घेई व स्वराची चमक मावळे. एका पेटींत अशीं दोन मंडळें आलीं तर ही हानि वाढते.

म्हणून प्रत्येक मंडळास नऊ टोंकांचा स्वतंत्र खटका द्यावा. त्यांत तीन-तीन टोंकांच्या तीन उभ्या ओळी असतात. खटका दाबतांच प्रत्येक ओळींतलें मधलें टोंक एका शेजाऱ्याला सोडून दुसऱ्याला धरतें. पहिल्या ओळीच्या मधल्या टोंकास गिटारीकडून येणारी तार डाखावी, व खालच्या टोंकापासून तार मंडळाच्या प्रवेशाकडे न्यावी. दुसऱ्या ओळीच्या खालच्या टोंकास मंडळांतून परतणारी तार जोडावी, आणि मधल्या टोंकापासून पुढची वाट काढावी. दोन्ही ओळींचीं वरचीं टोंकें आंखूड तारेनें एकमेकांस जोडावीं. आतां खटक्याच्या एका स्थितींत संकेत मंडळांतून फिरून जातो, आणि दुसरींत मंडळाला स्पर्शहि न करतां सरळ निघून जातो. तिसरी ओळ खुणेच्या दिव्यासाठीं. नऊ व्होल्टांवर ४.७ किलोओहमचा रोध घातला कीं लाल दिव्यास सुमारें दीड मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. खुणेपुरता तो पुरतो. पहिल्या खटक्याची पुढची वाट दुसऱ्याच्या पहिल्या ओळीच्या मध्यावर आणली म्हणजे सांखळी पुरी झाली.

सांखळींत फझ आधीं असावा. त्याचा प्रवेशरोध अल्प असल्यानें त्याला गिटारीशीं थेट संबंध मानवतो. तसें असेल तरच गिटारीवरील आवाजाची कळ उतरवितांच त्याचा स्वर निवळतो.

खरा धोका मात्र पुढेंच आहे. जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरांवर चालणाऱ्या मूळ धर्तीच्या फझमध्यें विजेचें धन टोंक पेटीस जोडलेलें असतें. ओव्हरड्राइव्हमध्यें बहुधा ऋण टोंक. दोघांना एकाच ॲडॅप्टरवर ठेवाल, तर धन आणि ऋण दोन्ही त्याच धातूच्या पेटीशीं भिडतील व वीजपुरवठ्याचा सरळ आडमार्ग होईल. म्हणून फझला नऊ व्होल्टांची स्वतंत्र बॅटरी द्यावी आणि दिव्यांसह बाकीचें सर्व ॲडॅप्टरवर चालवावें. किंवा ऋण टोंक पेटीस असणारी सिलिकॉन एनपीएन ट्रान्झिस्टरांची रचना निवडावी. बॅटरी ठेवल्यास प्रवेशाचा जॅक तीन संपर्कांचा घेऊन बॅटरीची धन तार त्याच्या मधल्या संपर्कास जोडावी. मग गिटारीचा प्लग आंत असेल तेव्हांच बॅटरी खर्ची पडेल.

आंत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारा एकमेकींपासून दूर ठेवाव्या. जवळ आल्यास वाढलेला संकेत उलट शिरून शिट्टी वाजूं लागते. दोन खटक्यांमध्यें बुटाच्या रुंदीइतकें अंतर असावें, नाहींतर एक दाबतांना दुसराहि दाबला जाईल.

झांकण लावण्यापूर्वीं, वीज न जोडतां, ॲडॅप्टरच्या दोन टोंकांमधील रोध मीटरनें तपासावा. तो शून्याजवळ असेल तर चूक शोधावी, वीज लावूं नये. मग दोन्ही खटके बंद ठेवून गिटार वाजवावी आणि पेटी मध्यें नसतांनाचा स्वर आठवावा. दोहोंत फरक न वाटला, तरच जोडणी साधली असें समजावें.