घडीची स्कूटर घेऊ का? इगतपुरी-ठाणे करणाऱ्या एका मेकॅनिकचा हिशोब

आधी एक दुरुस्ती. शेवटच्या मैलाच्या खर्चावर जो व्हिडिओ केला होता, त्यात मी बोलता बोलता म्हणून गेलो की, "घडीची इलेक्ट्रिक स्कूटर पिशवीत बसली की ट्रेनमध्ये सामान म्हणून चालते." हे वाक्य अर्धवट होतं. आणि ते ऐकून इगतपुरीचा एक मुलगा चाळीस हजारांची स्कूटर हप्त्यावर घ्यायला निघाला. नशीब त्याने आधी फोन केला.

मुलगा वॉटर प्युरिफायर दुरुस्त करतो. इगतपुरीत तेवढं काम नाही, म्हणून आठवड्यातले पाच दिवस सकाळची गाडी पकडून ठाणे-मुलुंडला येतो. महिन्याचे वीस दिवस. ट्रेनचा पास स्वस्त आहे, रडगाणं आहे ते रिक्षाचं. त्याचं म्हणणं साधं होतं: "सर, पास काढून शंभर किलोमीटर येतो ते परवडतं. पण स्टेशनपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचे चार किलोमीटर मला खातात."

हे अगदी खरं आहे. म्हणून हिशोब नीट मांडू.

मुंबई महानगर भागात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला २६ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. स्टेशन ते पहिलं गिऱ्हाईक ४ किलोमीटर, म्हणजे ६९ रुपये. तिथून दुसरं ३ किलोमीटर, ५२ रुपये. परत स्टेशनला ४ किलोमीटर, पुन्हा ६९. दिवसाचे १९० झाले. वीस दिवसांचे ३,८००. स्कूटर ४० हजारांची, म्हणजे अकरा महिन्यांत फुकट! दुकानदारानेही त्याला हेच गणित दाखवलं होतं. गणित बरोबर आहे हो, फक्त त्यात पाऊस नाही, जिना नाही आणि रेल्वेचा नियम नाही.

आधी रेल्वे

रेल्वेत सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलो सामान मोफत नेता येतं. स्कूटर १२ ते १५ किलोची, मग अडचण काय? अडचण अशी की मोफत सामानाची ही सवलत सायकल आणि स्कूटर या वस्तूंना लागूच नाही. नियमात तसं स्पष्ट आहे. पिशवीत घातली म्हणून ती स्कूटरची सुटकेस होत नाही. कुणी अडवणार नाही असं होऊ शकतं, पण रोज "कुणी अडवणार नाही" यावर धंदा उभा करायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं.

दुसरं माप. डब्यात सोबत न्यायच्या पेटीची कमाल मापं १०० × ६० × २५ सेंटिमीटर. एसी चेअर कारमध्ये त्याहून लहान, ५५ × ४५ × २२.५. आता शाओमीची एम३६५ घ्या. २०१६ मध्ये आलेली ही स्कूटर उभ्याने चालवायच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा जणू नमुनाच झाली, नंतरच्या कितीतरी गाड्या तिच्यासारख्याच दिसतात. घडी केल्यावर तिचं माप १०८ × ४३ × ४९. लांबीला आठ सेंटिमीटर जास्त आणि उंचीला जवळजवळ दुप्पट, कारण दांडा आडवा होतो पण हँडल तसंच रुंद राहतं. घडी होते म्हणजे लहान होते असं नाही. मी स्वतः इथेच फसलो होतो. जाहिरातीतला फोटो बाजूने काढलेला असतो, त्यात हँडलची रुंदी दिसतच नाही. दुकानात जाताना मोजपट्टी न्या.

खरोखर चपटी होणारी गाडी जगात आहे. होंडाने २०२३ मध्ये अमेरिकेत मोटोकॉम्पॅक्टो आणली. बंद केली की ती ७४ × ५४ × साडेनऊ सेंटिमीटरची ब्रीफकेस होते. आपल्या सेकंड क्लासच्या मापात आरामात बसेल. पण वजन पावणेएकोणीस किलो, किंमत ९९५ डॉलर आणि एका चार्जिंगमध्ये पळते १९ किलोमीटर. पावणेएकोणीस किलो एका हातात, दुसऱ्या हातात अवजारांची बॅग आणि समोर ठाणे स्टेशनचा पूल. करून बघा एकदा. स्कूटर नको, घरातला भरलेला गॅस सिलिंडर नको, नुसतं वीस किलो पीठ घेऊन दोन मजले चढा. मग पुढचं वाचा.

बॅटरीचाही विचार आहेच. लंडनच्या ट्यूबमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये एका स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या वाहतूक संस्थेने खासगी इलेक्ट्रिक स्कूटर गाड्यांमध्ये आणि स्टेशनांत आणायला बंदी घातली. घडी केलेली असली तरी बंदी. आज आपल्याकडे चालून जातं ते उद्या एका घटनेने बंद होऊ शकतं. हप्ता मात्र बंद होत नाही.

"लायसन्स लागत नाही" म्हणजे नेमकं काय

हे वाक्य दुकानात पहिल्या मिनिटाला ऐकू येतं. नियम असा आहे: मोटारची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती गाडी कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. नंबर नाही, लायसन्स नाही. पण गाडी या मर्यादेत बसते हे दुकानदाराच्या तोंडी सांगण्याने ठरत नाही, मान्यताप्राप्त चाचणी संस्थेच्या कागदाने ठरतं. आपल्या पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. त्या कागदाची प्रत मागा. "कागद येईल नंतर" म्हणाला तर पैसेही नंतर द्या.

आणि "एक बटण दाबलं की चाळीसने पळते" असं सांगून कुणी विकत असेल तर ते बटण तुमच्यावर उलटणार आहे. पंचवीसच्या वर गेली की ती मोटार वाहन झाली, आणि मग तुमच्याकडे नंबर नाही, विमा नाही, काहीच नाही. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमच काढली होती. दंड एक वेळ भरता येईल. पण कुणाला धक्का लागून हाड मोडलं तर भरपाई कुठून द्यायची?

इगतपुरीत चालेल का?

त्याचा पुढचा प्रश्न होता, "घरून स्टेशनला तरी वापरतो." आता आपलं गाव बघा. इगतपुरी आणि कसाऱ्याच्या मधला थळ घाट ३७ ला १ चढाचा आहे. तिथे रेल्वेलाही मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावावी लागतात. गावातले काही रस्ते त्याहून तिखट.

२५० वॅटच्या मोटारची खरी परीक्षा चढावर होते. माणूस, गाडी, बॅग मिळून ९७ किलो धरा. रेल्वेच्या ३७ ला १ चढावर ती साधारण ताशी अठराने जाईल, ठीक आहे. पण बारा फुटांना एक फूट चढ आला की वेग सात-आठवर येतो, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त. शिवाय बॅटरी दुप्पट वेगाने उतरते. डब्यावर लिहिलेले "३० किलोमीटर" सपाट रस्ता, हलका माणूस आणि नवी बॅटरी धरून असतात.

आणि पाऊस. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. गाडीवर "पाणीरोधक" लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा शिंतोडे चालतील एवढाच असतो. साचलेल्या पाण्यातून नेली आणि मोटारच्या चाकात पाणी गेलं तर वॉरंटी हात वर करते. साडेआठ इंची चाकाला खड्डा दिसतो तो आपल्या बाइकला दिसतो तसा नाही. पाण्याने भरलेला खड्डा असेल तर दिसतच नाही.

म्हणून आम्ही गणित पुन्हा केलं. पावसाचे चार महिने वजा, राहिले आठ. त्याच्या वहीतून काढलं तर वीस दिवसांपैकी बारा दिवस काम ठाण्याला, बाकीचे दिवस मुलुंड, किंवा बदलायचे भाग जास्त असल्याने बॅग जड. स्कूटर बारा दिवस उपयोगी. १९० गुणिले १२ म्हणजे २,२८०. आठ महिन्यांचे १८,२४०. वीज नगण्य, दिवसाला तीन-चार रुपये, ती सोडून देऊ. बॅटरी दोन वर्षांत बदलावी लागेल असं धरलं आणि तिचे १२ हजार धरले तर वर्षाला ६ हजार. टायर, ब्रेक, किरकोळ २ हजार. हातात राहिले १०,२४०. चाळीस हजार फिटायला जवळजवळ चार वर्षं!

हप्ता मात्र महिन्याला ३,७०० च्या आसपास बसत होता, बारा महिने. वाचणार होते, वर्षभरावर पसरले तर, महिन्याला १,५२०. बाकीचे २,२०० घरातून जाणार. ही ओळ वहीत लिहिली तेव्हा तो पोरगा गप्प झाला.

मग दुसरा रस्ता कोणता?

मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघा. १८९० पासूनचा धंदा, आणि शेवटच्या मैलाचा अभ्यास त्यांच्याइतका कुणी केला नसेल. डबे लोकलच्या मालडब्यातून जातात, सायकली जात नाहीत. चढायच्या स्टेशनाबाहेर एक सायकल, उतरायच्या स्टेशनाबाहेर दुसरी. वाहन सोबत वाहून न्यायचंच नाही, ते जिथे लागतं तिथेच ठेवायचं.

आमच्या मेकॅनिकसाठी तेच केलं. जुनी सायकल, समजा ३,५०० ची. मागे कॅरियर आणि बरं कुलूप, ८०० रुपये. ठाण्याला महिन्याचं पार्किंग ३०० धरलं. तेच बारा दिवस, तेच आठ महिने: १८,२४० मधून पार्किंगचे ३,६०० आणि दुरुस्तीचे १,२०० वजा केले तर १३,४४० राहतात. ४,३०० रुपयांची गुंतवणूक चार महिन्यांच्या आत वसूल, हप्ता शून्य. चोरीला गेली तरी माणूस रडेल, बुडणार नाही.

एक त्रास आहे: सायकल ठाण्याला अडकलेली असते, मुलुंडच्या गिऱ्हाइकाला तिचा उपयोग नाही. पण याच त्रासातून त्याला खरी गोष्ट सापडली. आजवर तो फोन येईल तसा धावत होता, सकाळी ठाणे, दुपारी मुलुंड. आता सोमवार, मंगळवार, गुरुवार ठाणे आणि बुधवार, शुक्रवार मुलुंड असं त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं. मला भीती होती की गिऱ्हाईक तुटेल. प्युरिफायर बंद पडला तर लोक दोन दिवस थांबतील का? एक-दोन घरं गेली, खोटं कशाला सांगू. बाकीची थांबली, कारण येतो म्हटलेल्या दिवशी तो येतो.

मग घडीची स्कूटर कुणी घ्यायची?

ज्याच्याकडे डिकी आहे त्याने विचार करावा. मुळात ही कल्पना डिकीसाठीच जन्मली. १९८१ मध्ये होंडाने जपानात सिटी नावाची छोटी कार काढली (आपल्याकडे १९९८ मध्ये आलेली सिटी वेगळी, ही तिची ठेंगणी आजी) आणि तिच्या डिकीत बसेल अशी मोटोकॉम्पो ही ५० सीसीची स्कूटर सोबत विकली. कार लांब उभी करा, पुढे स्कूटरवर जा. हँडल आणि सीट आत दुमडून तिचा चौकोनी डबा व्हायचा. महिन्याला दहा हजार विकू असा अंदाज होता. १९८३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत एकूण सुमारे ५३ हजार गेल्या. वजन ४० किलोच्या वर होतं, ते रोज डिकीतून कोण उचलणार?

आज इगतपुरीकराला हा विचार नव्याने करता येतो. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे, पण डिकीतल्या दुचाकीला कोण विचारतो? भिवंडीच्या गोदामांत ज्यांचं रोजचं काम आहे, एका आवारातून दुसऱ्या आवारात फिरायचं आहे, त्यांची कार एका जागी राहील आणि बारा किलोची स्कूटर कामाला येईल. चढ नाही, जिना नाही, तिकीट तपासनीस नाही. रिसॉर्टच्या किंवा कारखान्याच्या मोठ्या आवारातही चालेल, तिथे रस्ता तुमचाच.

एका ताईंनी विचारलं होतं की इगतपुरी स्टेशनबाहेर अशा दहा स्कूटर भाड्याने ठेवल्या तर? ताई, नका. धम्मगिरीला येणारे साधक दहा दिवसांची बॅग घेऊन येतात, ते स्कूटरवर उभे राहणार नाहीत. पावसाळ्यात येणारे पर्यटक भावली धरणाकडे जाणार, त्या रस्त्यावर आणि त्या पावसात साडेआठ इंची चाक म्हणजे रोज एक भांडण. तुमचा सगळा सीझन पावसाचा आणि गाडीचा सगळा शत्रू पाऊस. तेवढ्याच पैशात काय करता येईल यावर बोलू, पण त्याआधी जुलैमधला एक शनिवार-रविवार स्टेशनबाहेर उभ्या राहा आणि उतरणारे लोक कुठे जातात, कशाने जातात आणि किती देतात ते वहीत लिहून आणा. ती वही कॅमेऱ्यासमोर उघडू.