सांदवाडीतला आलू करप्यातून कसा वाचेल?

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरामागच्या सांदवाडीला हिरवा रंग चढतो. वांगी, टमाटर, सांभार, पालक. आलू मात्र बाजारातून येतो. (पुस्तके त्यास बटाटा म्हणतात, आपण आलूच म्हणू.) धानाच्या मुलखात तो होत नाही ही समजूत चुकीची आहे. होतो, फक्त थंडीचे अडीच-तीन महिने साधावे लागतात आणि रोगापासून सांभाळावा लागतो.

या रोगाच्या बाबतीत माझ्याच हातून एक चूक घडली, ती आधी सांगतो. नोकरीची पहिली वर्षे होती. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका बाईंना मी सांदवाडीत कुफरी ज्योती ही जात लावावयास सांगितली. "रोगप्रतिकारक आहे, काळजी नको," असेही वर बोललो. मजुरीच्या पैशांतून त्यांनी बेणे घेतले. जानेवारीत चार दिवस आभाळ भरून आले, रिमझिम झाली, आणि आठवड्याच्या आत पाला उकडल्यासारखा काळा पडला. बाई एवढेच म्हणाल्या, "साहेब, रोग येत नाही म्हनलं होतं ना जी तुमी?"

पुस्तक खोटे नव्हते, जुने होते. कुफरी ज्योती १९६८ साली प्रसारित झाली तेव्हा उशिरा येणाऱ्या करप्यास ती दाद देत नसे. पण हा रोग पसरविणारा जीवही बदलत राहतो. एकच जात वर्षानुवर्षे सगळीकडे लागली की तिचे कुलूप उघडणारी किल्ली त्याला सापडते. आयर्लंड देशात १८४५ पासून याच करप्याने लोकांचे मुख्य अन्न असलेला आलू सडविला आणि सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. तेथेही बहुतेक शेतांत एकच जात होती.

तेव्हा दुकानदार 'रोगप्रतिकारक' म्हणाला की विचारावे, कोणत्या रोगास? कुफरी पुखराज ही १९९८ ची जात लवकर येणाऱ्या करप्यास, म्हणजे खालच्या पानांवर गोल वलयांचे तपकिरी ठिपके पाडणाऱ्या रोगास, चांगली तोंड देते. उशिरा येणाऱ्या करप्यास तिचा प्रतिकार मध्यम, आणि त्यावरही फार विसंबू नये. तरी ती ७० ते ९० दिवसांत निघते, म्हणून आपल्या आखूड थंडीस मानवते. कुफरी सूर्या उष्णता सोसते, पण उष्णता सोसते म्हणजे करपाही सोसते असे नव्हे. 'कुफरी' हे कंपनीचे नाव समजणारे पुष्कळ भेटतात. ते सिमल्याजवळचे गाव आहे; केंद्रीय आलू संशोधन संस्थेच्या जातींना त्यावरून नाव पडले.

जातीइतकेच बेणे महत्त्वाचे. बाजारचा खायचा आलू लावू नये. त्यात विषाणू दडलेले असतात, आणि कधी बांगडी रोगही. आलू कापला असता आत तपकिरी कडे दिसले तर तो फेकावा व विळा उकळत्या पाण्यात बुडवूनच पुढचा कापावा. हा रोग मातीत राहतो आणि वांगी, टमाटर, मिरचीलाही मर लावतो. म्हणून गेल्या वर्षी ही भाजी होती त्या वाफ्यात आलू नको. प्रमाणित बेणे आणून दहा-पंधरा दिवस अंधूक उजेडात पसरावे, आखूड जाड कोंब येतात. पाच मीटर लांब व चार मीटर रुंद जागेस पाच किलो बेणे पुरे.

लागवड ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. दोन ओळींत ६० सेंटिमीटर, दोन बेण्यांत २० सेंटिमीटर अंतर. झाड वीतभर झाले की मातीची भर द्यावी. उघडा पडलेला आलू हिरवा होतो व तो खाऊ नये. तणस गुरांना पुरून उरत असेल तर ओळींवर जाड थर द्यावा, ओल टिकते. सुंदरबनात धान निघाल्यावर न नांगरता तणसाखाली आलू घेतात, तो हाताने तणस बाजूला सारून वेचता येतो.

पाणी सकाळी, सरीतून द्यावे. सायंकाळी पानांवर शिंपडणे म्हणजे करप्यास आमंत्रण. आभाळ भरून येताच, डाग दिसण्यापूर्वी, मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारावे. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते पुड्यावर वाचावे.

आणि एवढे करूनही बहुतेक पाला काळा पडलाच, तर वाट पाहू नये. पाला जमिनीलगत कापून दूर नेऊन जाळावा, पाणी बंद करावे आणि दहा-बारा दिवसांनी कोरड्या दिवशी आलू काढावा. पाल्यावरचा रोग पाण्याबरोबर खाली उतरून आलू सडवितो, तो असा अडविता येतो. त्या बाईंना त्या दिवशी मी एवढे सांगितले असते तर निम्मेअर्धे तरी घरात आले असते. मी नुसता पंचनाम्यासारखा पाहून परतलो.

पुढल्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा आलू लावला, वांग्याची जागा सोडून. बेणे मात्र मला न विचारता दोन जातींचे आणले, निम्मे निम्मे.